उथळ तळें आणि वॉलाय मासा

शेतीच्या मासिकांत माशांचा विषय कशाला, अशी शंका कित्येक वाचकबंधूंस येईल. परंतु ज्यांच्या गांवास तळें आहे, ज्यांनीं आपल्या रानांत शेततळें खणलें आहे, अथवा ज्यांच्या सोसायटीनें पाझर तलावांतील मासळीचा ठेका घेतला आहे, त्यांच्या दृष्टीनें पाणी हें देखील एक प्रकारचें रानच होय. त्यास चढउतार आहेत, त्यांत कसदार व नापीक जागा आहेत, बी आहे, पीक आहे, आणि बियाण्याचा दाणाहि खाऊन बसणारा मालक तेथेंहि आढळतो. महसूल खात्यांत तलावांच्या नोंदी लिहिण्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. परंतु पाण्याखालचा हा सर्व व्यवहार आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाला तो अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, एका अफाट परंतु उथळ तळ्यावर. त्याची हकीकत येथें सविस्तर देत आहों.

मिनेसोटा हें राज्य कॅनडाच्या सरहद्दीस लागून आहे. दहा एकर व त्याहून मोठीं अशीं ११,८४२ तळीं त्या राज्यांत मोजलेलीं आहेत. राज्याचा वायव्येकडील भाग म्हणजे एका प्रचंड हिमकालीन सरोवराचा तळ होय. हजारों वर्षांपूर्वीं बर्फ वितळून सांचलेलें तें पाणी ओसरलें आणि मागें गाळ राहिला. तोच गाळ रेड नदीच्या खोऱ्यांत काळी, सपाट व अत्यंत कसदार जमीन होऊन आज गहूं आणि साखरेचें बीट पिकवीत आहे. (जातां जातां सांगावयाचें म्हणजे, तेथील बीट-उत्पादकांनीं १९७३ सालीं अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनीच विकत घेऊन सहकारी करून टाकली. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांस तेथें गेल्यास फारसें परकें वाटूं नये.) त्या प्राचीन सरोवराचा जो भाग खोलगट राहिला त्यांत रेड लेक नांवाचीं दोन जोडतळीं आहेत. दोहोंचें मिळून क्षेत्र सुमारें २ लक्ष ८८ हजार एकर भरतें. पैकीं वरचें, म्हणजे उत्तरेकडील तळें अतिशय उथळ आहे. काठावरून पाहिलें तर पलीकडचा तीर दिसत नाहीं, समुद्रच वाटतो. परंतु आंत कोठेंहि तीन पुरुषांहून अधिक पाणी नाहीं, आणि बऱ्याच ठिकाणीं तर त्याहून पुष्कळच कमी. भोंवतीं मैलोगणती कुजलेल्या वनस्पतींची दलदल असल्यामुळें पाण्याचा रंग पातळ चहासारखा असतो.

या तळ्यांतील मुख्य मासा म्हणजे वॉलाय. इंग्रजी नांवाचा रोख त्याच्या बाहेर वळल्यासारख्या दिसणाऱ्या डोळ्यांकडे आहे. तेथील मूळचे ओजिब्वे लोक त्यास ‘ओगा’ म्हणतात. पाठ हिरवट सोनेरी, पोट पांढरें, पाठीवर दोन पर आणि त्यांतील पुढचा कांटेरी, शेपटीच्या खालच्या टोंकास पांढरा ठिपका, आणि तोंडांत तीक्ष्ण दांत. १९६५ पासून हा मिनेसोटाचा राज्यमत्स्य ठरलेला आहे. मांस पांढरें, सौम्य चवीचें व बारीक कांट्यांच्या त्रासापासून बहुतेक मुक्त असल्यामुळें लहान मुलांसहि तो निर्धास्तपणें वाढतां येतो.

त्याचा डोळा ही या सर्व प्रकरणांतील किल्ली आहे. रात्रीं गोठ्यांत कंदील नेला असतां बैलाचे डोळे जसे चमकतात तसेच वॉलायचे चमकतात, आणि कारणहि तेंच. डोळ्याच्या मागील पडद्याजवळ उजेड परतविणारा एक थर असतो, त्यामुळें अंधुक प्रकाशांत त्यास चांगलें दिसतें. ज्या लहान मासोळ्यांवर तो उपजीविका करतो त्यांस त्या वेळीं तितकें दिसत नाहीं. अर्थात् दिवस मावळतांना, उजाडतांना, ढगाळ दिवशीं, अथवा वाऱ्यानें पाण्यावर लाटा उठून आंतला उजेड मोडला असतां तो चरावयास निघतो. स्वच्छ पाण्याच्या तळ्यांत भर दुपारीं तो खोल पाण्यांत अथवा पाणवनस्पतींच्या सांवलींत स्वस्थ पडून राहतो. रेड लेकसारख्या तांबूस पाण्यांत मात्र उजेड मुळांतच कमी शिरत असल्यामुळें दुपारींहि तो गळास लागतो. एकाच जातीचा मासा, परंतु पाणी बदललें कीं त्याचें वेळापत्रक बदललें. सबब दुसऱ्या तळ्यावरचा अनुभव या तळ्यावर जसाच्या तसा लावतां येत नाहीं.

उथळ तळ्याचा स्वभावहि समजून घेतला पाहिजे. खोल तळ्यांत उन्हाळ्यांत पाण्याचे थर पडतात. वर ऊन पाणी, खालीं गार पाणी, आणि तळाशीं पुष्कळदां प्राणवायूचा तुटवडा. त्यामुळें माशांस राहण्याजोगा पट्टा निश्चित होतो व तो शोधणें तुलनेनें सोपें जातें. उथळ तळें वाऱ्यानें तळापासून वरपर्यंत घुसळलें जातें, थर टिकत नाहींत, आणि मासा कोठेंहि राहूं शकतो. खोल डोह नाहीं, कपार नाहीं, खडकाची रांग नाहीं. वीस हजार एकरांचें सपाट शिवार डोळ्यांसमोर आणि त्यांत चार मेंढ्या शोधावयाच्या, असा तो प्रकार आहे. हिवाळ्यांत तर लहान उथळ तळ्यांवर निराळेंच संकट येतें. पृष्ठभाग गोठतो, त्यावर बर्फाचा जाड थर सांचतो, उजेड बंद होतो, वनस्पति मरून कुजतात व पाण्यांतला प्राणवायु संपून मासे गुदमरतात. कित्येक ठिकाणीं यासाठीं हिवाळाभर यंत्रानें पाण्यांत हवा सोडतात. परंतु अशा मासे मेलेल्या तळ्यांचाहि तेथील खात्यानें उपयोग करून घेतला आहे. मोठे हिंस्र मासे उरलेले नसल्यामुळें त्या पाण्यांत वसंतांत वॉलायचीं नुकतीं फुटलेलीं पिलें सोडतात, तीं उन्हाळाभर निर्वेध वाढतात, आणि शरदांत बोटभर झालीं कीं जाळ्यानें काढून मोठ्या तळ्यांत नेतात. भाताच्या रोपवाटिकेसारखीच ही योजना आहे.

आतां अनोळखी उथळ तळ्यावर मासा शोधावयाचा कसा, हा मुख्य प्रश्न. आमचा पुतण्या त्या राज्यांत नोकरीस आहे, आणि त्याच्या परिचयाचे एक वयस्क शेतकरी, बीट व गहूं करणारे, आम्हांस आपल्या नावेंतून घेऊन गेले. त्यांनीं स्वतः त्या विशिष्ट भागांत पूर्वीं गळ टाकला नव्हता, हें आमच्या दृष्टीनें फार चांगलें झालें. कारण माहीत असलेल्या जागेवर नेऊन बसविणारा मनुष्य शिकवीत कांहींच नाहीं.

नाव पाण्यांत ढकलण्यापूर्वीं त्यांनीं जें केलें तें पाहून आम्हांस आमच्या जुन्या दप्तराची आठवण झाली. राज्याचें निसर्गसंपत्ति खातें पुष्कळ तळ्यांचे खोलीचे नकाशे प्रसिद्ध करतें. जमिनीच्या नकाशावर जशा समान उंचीच्या रेषा तशा यांत समान खोलीच्या. त्यांनीं नकाशा गुडघ्यावर पसरून, जेथें रेषा एकमेकींच्या जवळ आल्या आहेत, जेथें नदी तळ्यास मिळते, आणि जेथें काठ पाण्यांत टोंकासारखा घुसला आहे, अशा मोजक्या जागांवर खुणा केल्या. खोल तळ्यांत दहा फुटांचा उतार म्हणजे कांहींच नव्हे. परंतु सपाट तळाच्या तळ्यांत एक फुटाचा उंचवटा, वाळू संपून खडी सुरू होण्याची रेघ, किंवा पाणवनस्पतींची कड एवढ्यावरहि मासे गोळा होतात. सपाट माळावर एकच बाभूळ असली तर दुपारीं सगळीं गुरें तिच्याखालीं सांपडतात, तसेंच हें.

मग आमिषाच्या दुकानांत गेलों. तेथें जिवंत लहान मासोळ्या, गांडुळें आणि जळवा विकावयास ठेवलेल्या असतात. भाताच्या खाचरांत पायास चिकटणाऱ्या जळूचा आपण तिरस्कार करतों. तिची एक चुलत जात तेथें वजनावर विकली जाते, हें पाहून आम्हांस हंसूं आलें. खरेदी थोडीच होती, पण आमच्या यजमानांनीं दुकानदाराशीं अर्धा तास बोलण्यांत घालविला. काल वारा कोणत्या दिशेनें होता, पाणी किती ऊन आहे, नावा कोणत्या बाजूस जात आहेत, लोक मासोळी मागतात कीं जळू. वसंतांतील गार पाण्यांत मासोळी आणि पुढें पाणी ऊन झालें कीं जळू व गांडूळ, असा तेथला सर्वसाधारण पाठ आहे. कोणत्या जागीं मासे मिळाले हें मात्र त्यांनीं थेट विचारलें नाहीं. तसें विचारल्यास उत्तर मिळतें, पण तें खरें असेलच असें नाहीं, असें ते म्हणाले. गांवांत नव्या विहिरीस पाणी किती लागलें हें विचारणाऱ्यास जो अनुभव येतो त्यापेक्षां हा निराळा नाहीं.

तळ्यावर पोंचल्यावर त्यांनीं सर्वांत अधिक लक्ष दिलें तें वाऱ्याकडे. वारा एक-दोन दिवस एकाच दिशेनें वाहत राहिला म्हणजे पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव ज्या काठाकडे तो वाहतो त्या काठास लोटले जातात. त्यांच्या मागें लहान मासोळ्या जातात, आणि मासोळ्यांच्या मागें वॉलाय. शिवाय त्या काठावर लाटा आपटून पाणी गढूळ होतें व उजेड कमी होतो. गढूळ आणि स्वच्छ पाणी जेथें मिळतें तेथें पाण्यावर एक स्पष्ट रेघ दिसते, आणि वॉलाय त्या रेघेच्या गढूळ बाजूस दबा धरून असतो. म्हणून शांत, आरामशीर, वाऱ्याच्या आडोशाचा काठ पाहून नाव तिकडे नेण्याचा नवख्या मनुष्याचा जो स्वाभाविक कल असतो तो येथें उलट फळ देतो. बसावयास गैरसोयीची बाजूच बहुधा पिकाची असते.

जागा ठरली तरी तेथें नांगर टाकून बसले नाहींत. नाव वाऱ्याच्या वरच्या अंगास नेऊन यंत्र बंद केलें व ती वाऱ्यावर सोडून दिली. ती फार वेगानें वाहूं नये म्हणून कापडाची एक मोठी पिशवी दोरीनें पाण्यांत सोडतात. ती पाण्यानें फुगून नावेस मागें ओढून धरते. अशा रीतीनें नाव शेतांतून पाभर चालावी तशी सावकाश सरकत जाते आणि प्रत्येक फेऱ्यांत एक पट्टा तपासला जातो. मासा लागला कीं लगेच एक तरंगती खूण पाण्यांत टाकावयाची, पुन्हा वर जावयाचें, आणि त्याच पट्ट्यावरून दुसरा फेरा. दोन फेरे रिकामे गेले कीं जागा सोडावयाची. तेथें हट्ट उपयोगी नाहीं.

गळाचें साधन अगदीं साधें. शिशाचें वाटोळें डोकें ओतलेला एक गळ, त्यास तेथें जिग म्हणतात. उथळ पाण्यांत तो अष्टमांश औंसाचा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपासचा घेतात. त्यास जळू तोंडाच्या बाजूनें ओंवावयाची, दोरी बारीक, काठी हलकी. जिग तळास टेकूं द्यावयाचा, मग वीतभर उचलावयाचा, पुन्हा टेकूं द्यावयाचा. वॉलाय गळ हिसकत नाहीं. तो तोंड उघडून पाण्याबरोबर आमिष आंत ओढून घेतो, आणि काठी धरणाऱ्यास फक्त किंचित् जड झाल्याचा भास होतो. पुतणा आम्हांस हळूच म्हणाला, “काका, एकदम ओढूं नका. आधीं वजन लागतंय का पाहा, मग मनगटानं उचला.” आम्ही म्हटलें, “अरे, हें तर तराजू धरण्यासारखें झालें.” त्याचें म्हणणें बरोबर होतें. बोलणेंहि हळूच करावें लागतें. आठ फूट पाण्यांत नावेच्या तळावर डबा आपटला तरी तो आवाज माशांस खोल पाण्यापेक्षां पुष्कळ अधिक जाणवतो. नांगर टाकावयाचा झाल्यास तो हातानें सोडावयाचा, फेंकावयाचा नाहीं.

जूनमध्यें त्या अक्षांशावर सूर्य रात्रीं नऊ वाजून गेल्यावर मावळतो. आम्हांस मासे लागले त्यांपैकीं बहुतेक शेवटच्या दीड तासांत, सहा-सात फूट पाण्यांत, वाळू संपून खडी लागते त्या रेघेवर. ज्या जागेवर नकाशांत सकाळीं खूण केली होती त्यांतलीच ती एक.

एका गोष्टीचा इशारा दिल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. उथळ पाणी म्हणजे निर्भय पाणी, अशी आपल्याकडे समजूत आहे. मोठ्या विस्ताराच्या उथळ तळ्यावर ती घातक आहे. तळ जवळ असल्यामुळें लाटा आंखूड, उभ्या आणि एकामागून एक लागोपाठ येतात. लहान नाव त्यांत घोटाळते व भरते. वारा वाढूं लागला कीं हातीं लागलेले मासे सोडूनहि काठ गांठावयाचा, हा तेथील जाणत्यांचा शिरस्ता आहे. प्रत्येक माणसामागें अंगांत घालावयाचा तरंगता कोट नावेंत असणें कायद्यानेंच सक्तीचें आहे. हिवाळ्यांत हेंच तळें उथळ असल्यामुळें इतरांच्या आधीं गोठतें, आणि म्हणून बर्फास भोंक पाडून मासे धरणारे हौशी लोक प्रथम इकडेच धांवतात. पायीं चालण्यास निदान चार इंच स्वच्छ, नवें बर्फ हवें असें राज्याचें खातें बजावून सांगतें. तरीहि नोव्हेंबर २०२२ मध्यें वाऱ्यानें बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटून सुमारें २०० माणसें त्यावर अडकलीं होतीं व त्यांस सोडवून आणावें लागलें.

आतां या तळ्याचा पूर्वेतिहास सांगतों. आमच्या मतें सोसायटीच्या सभासदांनीं लक्षपूर्वक वाचावा असा भाग हाच आहे.

खालचें रेड लेक संपूर्ण व वरच्या तळ्याचा मोठा भाग ओजिब्वे लोकांच्या रेड लेक राष्ट्राच्या मालकीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सरकारनें मूळच्या लोकांच्या सामाईक जमिनी तोडून माणशीं तुकडे पाडण्याचें धोरण चालविलें. तुकडे पडले, आणि पुष्कळ ठिकाणीं ते थोड्याच वर्षांत परक्यांच्या हातीं गेले. रेड लेकच्या पुढाऱ्यांनीं मात्र हें विभाजन मान्य केलें नाहीं व जमीन सामाईकच ठेवली. आयुष्य सात-बाराच्या उताऱ्यांत गेलेल्या माणसास हें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु एकत्र धरलेलें रान विकत घेतां येत नाहीं, हा त्यांतील हिशेब समजावयास वेळ लागत नाहीं. १८८९ च्या करारानंतर हद्द आंखली गेली तेव्हां वरच्या तळ्याचा पूर्वेकडील भाग, सुमारें ४८ हजार एकर, हद्दीबाहेर राहिला. संपूर्ण तळें आपणांस राखून ठेवल्याचें वचन होतें असें त्या लोकांचें म्हणणें आजतागायत आहे. पाण्यावर हद्दीचे दगड रोंवतां येत नाहींत. तथापि ती रेघ पक्की आहे, आणि बाहेरच्या माणसानें ती ओलांडून गळ टाकणें हा अपराध होतो. आमचे यजमान यंत्राच्या पडद्यावर ती रेघ वारंवार पाहून घेत होते.

पहिल्या महायुद्धांत अन्नाची टंचाई भासूं लागली तेव्हां, १९१७ सालीं, या तळ्यांवर व्यापारी मासेमारी सुरू झाली. पुढें १९२९ मध्यें रेड लेकच्या मच्छीमारांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि अनेक दशकें ती चालली. शेंकडों कुटुंबांस रोख पैसा देणारें हें एकच पीक होतें. परंतु काढणी वाढत गेली. संस्थेच्या मापावर चढणाऱ्या मालाबरोबर चोरून विकला जाणारा मालहि होता, आणि राज्याच्या भागांत हौशी गळकऱ्यांचाहि भार पडत होता. कोणी कोणाच्या नांवानें बोटें मोडावींत अशी स्थिति नव्हती. ओढणारे सर्वच होते. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास वॉलाय जवळजवळ दिसेनासा झाला. अंडीं घालण्यास मोठ्या माद्याच पुरेशा उरल्या नव्हत्या. एक मादी दर पौंड वजनामागें हजारों अंडीं घालते हें खरें. परंतु वॉलायचे आईबाप अंड्यांची राखण करीत नाहींत, रेतीखडीवर टाकून निघून जातात, आणि त्यांतील फारच थोडीं जगतात. अशा जातींत माद्यांची संख्या एका मर्यादेखालीं गेली कीं ती आपोआप सावरण्याची आशा कमी.

१९९७ सालीं सहकारी संस्थेच्या सभासदांनीं स्वतः मत देऊन आपली व्यापारी जाळीं बंद केलीं. ज्यांच्या चुली त्यावर चालत होत्या त्यांनींच हा ठराव केला, हें आम्हांस फार मोठें वाटतें. कारण ठेका सोडण्याचा ठराव आम्ही आमच्या नोकरींत कोणत्याहि संस्थेच्या इतिवृत्तांत पाहिलेला नाहीं. १९९९ मध्यें रेड लेक राष्ट्र, मिनेसोटा राज्य आणि केंद्र सरकारचें खातें यांचा करार होऊन दोन्ही हद्दींत वॉलाय धरणें पूर्ण बंद झालें. त्याच वर्षीं, आणि पुन्हा २००१ व २००३ मध्यें, कोट्यवधि पिलें तळ्यांत सोडण्यांत आलीं. सोडण्यापूर्वीं तीं एका औषधाच्या पाण्यांत बुडवून काढलीं होतीं. त्यामुळें हाडांत अशी खूण राहते कीं ती विशिष्ट दिव्याखालीं चमकते, आणि पुढें धरलेला मासा सोडलेला कीं तळ्यांतच जन्मलेला हें ओळखतां येतें. बी पेरलें आणि उगवलेलें रोप पेरलेलें कीं पडीचें तेंहि मोजलें, अशी ही व्यवस्था. दर शरदांत परीक्षेचीं जाळीं ठराविक जागीं टाकून मासे वयावार मोजीत. आपल्याकडे पैसेवारी (पूर्वींची आणेवारी) नजरेनें ठरविण्याची वहिवाट होती, आणि तिच्यावर तंटे किती होत हें आम्ही जाणतों. येथें मात्र दोन्ही पक्ष एकाच जाळ्यांतले मासे एकत्र बसून मोजीत होते, म्हणून आंकड्यावर वाद माजला नाहीं.

मधल्या काळांत एक गंमत झाली. वॉलाय नाहींसा झाल्यामुळें क्रॅपी नांवाच्या दुसऱ्या माशाचें अमाप पीक आलें आणि लांबून लोक त्यासाठीं येऊं लागले. काठावरच्या दुकानदारांस त्यानें आधार दिला. वॉलाय परत वाढला तसा क्रॅपी ओसरला. मुख्य पीक गेलें कीं रान मोकळें राहत नाहीं, तण तरी माजतें. हें तण खाण्याजोगें निघालें इतकेंच.

मे २००६ मध्यें तळें पुन्हा खुलें झालें. राज्याच्या भागांत आरंभीं माणशीं दोनच वॉलाय बाळगण्याची परवानगी होती, आणि १७ ते २६ इंच लांबीचा मासा सांपडल्यास तो सोडून द्यावा लागे. कारण अंडीं घालणाऱ्या माद्यांचा भरणा त्या मापांत असतो. बैलजोडी विकावी पण गाय विकूं नये, त्यांतलाच हा नियम. रेड लेक राष्ट्रानें आपला व्यापारहि पुन्हा सुरू केला तो आरंभीं जाळ्यांनीं नव्हे, तर आपल्या लोकांनीं गळानें धरलेले मासे विकत घेऊन. पिलें सोडण्याची गरज त्यानंतर उरली नाहीं. तळें आपलें बी आपणच धरूं लागलें.

आपल्या तळ्यांशीं याची तुलना करतांना एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. रोहू, कटला, मृगळ हे आपले मुख्य मासे वाहत्या नदीच्या पुरांत अंडीं घालतात. बंद तळ्यांत सहसा घालीत नाहींत. १९५७ सालीं ओडिशांत हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनीं पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काची टोंचणी देऊन त्यांची वीण हुकमी केली, तेव्हांपासून बोटुकली विकत घेणें सोपें झालें. म्हणजे आपल्या तळ्यांत दरवर्षीं पेरणी करावीच लागते, आणि केली तर सर्व काढून घेण्यासहि हरकत नसते. मरळीची गोष्ट निराळी. ती तळ्यांतच पैदास करते, आणि वॉलायच्या उलट तिचे नरमादी पिलांच्या लालसर थव्याखालीं राखण करीत फिरतात. त्या वेळीं थवा पाहून खालीं गळ टाकणारास मोठी मरळ हमखास मिळते; परंतु त्या एका मरळीबरोबर मागील शेंकडों पिलें बेवारशी होऊन इतर माशांच्या तोंडीं जातात. आमच्या मतें ज्या सोसायट्यांकडे तळ्याचा ठेका आहे त्यांनीं बोटुकलीच्या खरेदीचा हिशेब ठेवतातच, त्याबरोबर थव्यावरची मरळ धरण्यास मनाई करणारा एक ठराव वार्षिक सभेंत अवश्य आणावा. त्यास खर्च कांहींच नाहीं.

परत काठास लागल्यावर आमच्या यजमानांनीं मासे साफ करण्याआधीं नावेच्या तळाचें बूच काढून सर्व पाणी जमिनीवर ओतलें, गाडीच्या चाकांस व दोरीस चिकटलेली पाणवनस्पति हातानें वेंचून काढली, आणि उरलेल्या जळवा तळ्यांत न टाकतां कचऱ्याच्या डब्यांत टाकल्या. एका तळ्यांतील उपद्रवी शिंपले व वनस्पति दुसऱ्यांत जाऊं नयेत म्हणून तेथें हा कायदाच आहे. अंधार पडला होता, पाहणारें कोणी नव्हतें, डांस मात्र विलक्षण चावत होते. तरी तें काम पुरें होण्यास वीस मिनिटें लागलीं, तीं त्यांनीं दिलीं.